सार्वजनिक गोल्फ कोर्स: तपासायचा कसा, सुधारायचा कसा?



पुण्यात येरवड्याला गोल्फ कोर्स आहे, मुंबईत चेंबूरला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असतील ते कुंपणाच्या बाहेरून, रिक्षातून जाता जाता. त्यामुळे ‘गोल्फ म्हणजे बड्या साहेबांचा खेळ’ हे समीकरण डोक्यात पक्कं असतं. ब्रिटनमध्ये राहायला आलं की ते हळूहळू सुटतं. इथे साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला, बॅसेट भागात, स्पोर्ट्स सेंटरच्या शेजारी सिटी काउन्सिलच्या मालकीचा गोल्फ कोर्स आहे. १८ होलचा एक आणि ९ होलचा एक. १९३० च्या दशकात तो तयार झाला. त्या दिवसाचे पैसे भरायचे आणि खेळायचं.

ही परंपरा जुनी आहे. एडिंबरा शहराने ब्रेड हिल्सचा सार्वजनिक कोर्स १८८९ मध्ये सुरू केला. लंडनच्या रिचमंड पार्कमधला १९२३ मध्ये सुरू झाला. त्यामागे जे. एच. टेलर या खेळाडूचा मोठा हात होता. पाच वेळा ओपन स्पर्धा जिंकलेला हा माणूस लहानपणी दुसऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या वाहायचा. सामान्य माणसाला खेळायला जागा हवी, हा त्याचा आयुष्यभराचा आग्रह होता.

आज मात्र अशा कोर्सना आपल्या जागेचा हिशेब द्यावा लागतो. १८ होलच्या कोर्सला साधारण ५० हेक्टर जमीन लागते. काउन्सिलकडे पैसे कमी, घरांना आणि बागांना जागा हवी. लंडनच्या लुइशम काउन्सिलने बेकनहॅम प्लेस पार्कमधला गोल्फ कोर्स २०१६ मध्ये बंद करून ती सगळी जागा बागेला दिली. म्हणून सार्वजनिक कोर्सचा आराखडा चांगला आहे की वाईट, हा प्रश्न फक्त खेळाडूंचा नाही. वाईट आराखड्यामुळे माणसं येईनाशी होतात आणि रिकामा कोर्स फार दिवस टिकत नाही.

पण चांगला म्हणजे काय? टीव्हीवर पाहून वाटतं की जितका अवघड तितका चांगला. माझं म्हणणं उलट आहे. सार्वजनिक कोर्सची परीक्षा तिथे नेहमी येणाऱ्या सगळ्यात कच्च्या खेळाडूवरून घ्यावी. आणि ती मतांवर न सोडता मोजून घेता येते. त्यासाठी खाली पाच कसोट्या देतो. त्यांतली उदाहरणं गणित समजावं म्हणून मी रचलेली आहेत. बॅसेटच्या किंवा इतर कुठल्या ठरावीक होलवर ती टीका नाही.

आधी थोडी शब्दओळख

जिथून पहिला फटका मारायचा ती सपाट जागा म्हणजे टी. शेवटी जिथे खळगा असतो ती अगदी बारीक कापलेल्या गवताची जागा म्हणजे ग्रीन. मधली हिरवळ म्हणजे फेअरवे, तिच्या दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत म्हणजे रफ आणि वाळूचा खड्डा म्हणजे बंकर. कसलेल्या खेळाडूला एखाद्या होलवर जितके फटके लागावेत असं धरतात, तो त्याचा पार: ३, ४ किंवा ५.

कसोटी १: ही लांबी नेमकी कोणासाठी?

समजा, कोर्स ६,२०० यार्डांचा आहे. कसलेला खेळाडू पहिला फटका २५० यार्ड मारतो. नवखी किंवा वयस्क व्यक्ती १५० यार्ड मारते. दोघं एकाच टीवरून खेळली तर दुसऱ्या व्यक्तीसाठी हा कोर्स किती लांब झाला? साधं त्रैराशिक मांडू. ६,२०० ला २५० ने गुणा आणि १५० ने भागा. उत्तर येतं सुमारे १०,३३० यार्ड. जगातल्या मोठ्या स्पर्धांचे कोर्ससुद्धा ८,००० यार्डांच्या आसपास क्वचितच जातात. म्हणजे आपण आजीबाईंना व्यावसायिक खेळाडूंपेक्षाही लांब कोर्सवर पाठवतो, आणि मग त्या पुन्हा का आल्या नाहीत याचं नवल करतो.

उलटं त्रैराशिकही करून पाहा. १५० यार्ड मारणाऱ्याला तोच अनुभव द्यायचा तर कोर्स सुमारे ३,७०० यार्डांचा हवा. तितका आखूड करणं दर वेळी जमणार नाही, पण फेअरवेच्या सुरुवातीला एक सपाट तुकडा कापून तिथे पुढची टी करणं सहज जमतं. त्याला ना बुलडोझर लागतो ना नवी जमीन.

एक पथ्य मात्र पाळायचं. या टींना ‘लेडीज टी’ म्हणायचं नाही. तसं नाव दिलं की सत्तरीचे आजोबा हट्टाने मागच्याच टीवरून मारणार. टींना रंगांची किंवा आकड्यांची नावं द्या आणि शेजारी पाटी लावा: तुमचा फटका इतका जात असेल तर इथून खेळा.

कसोटी २: बंकर कोणाला पकडतो?

कोर्स किती अवघड आहे हे मोजायची एक पद्धत आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ती रूढ झाली, आणि २०२० पासून इंग्लंडमध्येही जागतिक हँडिकॅप पद्धतीचा भाग म्हणून वापरतात. तीत दोन कल्पित खेळाडू धरतात. एक अव्वल आणि एक मध्यम. पुरुषांमध्ये अव्वलचा पहिला फटका २५० यार्ड, मध्यमचा २००. स्त्रियांमध्ये २१० आणि १५०. दोघांना या कोर्सवर किती फटके लागतील याचा अंदाज बांधतात. त्या दोन आकड्यांमधल्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणलं की येतो स्लोप. ११३ हा प्रमाण स्लोप मानतात.

आता दोन कोर्स घेऊ. दोन्हीकडे अव्वल खेळाडूला ७० फटके लागतात. पहिल्या कोर्सवर मध्यम खेळाडूला ९१ लागतात. फरक २१, म्हणून स्लोप ११३. दुसऱ्यावर त्याला ९८ लागतात. फरक २८, स्लोप १५१. अव्वल खेळाडूला दोन्ही कोर्स सारखेच वाटतील. मध्यम खेळाडूला मात्र दुसरा कोर्स सात फटके जास्त छळतो. हे सात फटके येतात कुठून?

बरेचदा चुकीच्या जागी खणलेल्या बंकरमधून. टीपासून १६० यार्डांवर फेअरवेच्या मधोमध बंकर आहे असं समजा. २५० यार्ड मारणाऱ्याचा चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो, त्याला तो दिसतही नाही. त्यात पडतो तो अर्धवट लागलेला, घसरलेला फटका. म्हणजे ज्याचा फटका आधीच फसला, त्यालाच दुसरी शिक्षा. जुन्या कोर्सवर असे बंकर बरेच सापडतात, कारण ते लाकडी दांड्यांच्या क्लबांच्या आणि आखूड फटक्यांच्या काळात आखलेले होते. काठ्या आणि चेंडू बदलले, खड्डे तिथेच राहिले.

याचा अर्थ सगळे बंकर बुजवा असा नाही. ॲलिस्टर मॅकेन्झी या आराखडाकाराचा विचार इथे उपयोगी पडतो. तो मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि बोअर सैनिक जमिनीच्या चढउतारांत कसे लपतात ते पाहून आला. पुढे त्याने बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल आखला. तिथे सुरुवातीला फेअरवे रुंद होते आणि बंकर मोजकेच. अडथळ्याचं काम शिक्षा करणं नसून निवड करायला लावणं आहे, ही त्यामागची दृष्टी.

निवड म्हणजे कशी? रुंद फेअरवेच्या उजव्या कडेला २३० यार्डांवर एक बंकर ठेवा. ग्रीनच्या पुढे डावीकडे दुसरा ठेवा. जो धोका पत्करून उजव्या बंकरच्या जवळून मारेल, त्याला पुढे ग्रीनकडे मोकळी वाट मिळते. जो सावधपणे डावीकडे जाईल, त्याच्या वाटेत दुसरा बंकर येतो. तो त्यावरून मारू शकतो किंवा अलीकडे थांबून एक फटका जास्त घेऊ शकतो. १५० यार्ड मारणारी व्यक्ती दोन्ही बंकरांना वळसा घालून, जास्त फटक्यांत का होईना, सुखरूप पोचते. दोनच बंकर, पण प्रत्येकाला विचार करायला लावणारे.

म्हणून प्रत्येक बंकरला दोन प्रश्न विचारा. तुझ्यात कोण पडतं? आणि तुझ्यामुळे कोणाला निवड करावी लागते? पहिल्याचं उत्तर ‘फक्त नवखे’ आणि दुसऱ्याचं ‘कोणालाच नाही’ असेल, तर तो बुजवून त्यावर गवत लावा. बंकरची वाळू सारखी करावी लागते, जोरदार पावसात कडा ढासळल्या की पुन्हा बांधाव्या लागतात. तो खर्चही वाचतो.

कसोटी ३: रांग कुठे लागते?

सार्वजनिक कोर्सबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे वेळ. लोकांना वाटतं, पुढचे लोक रेंगाळतात म्हणून उशीर होतो. गणित वेगळंच सांगतं.

पार ४ च्या होलवर एक गट ग्रीनकडे असताना दुसरा गट मागून सुरुवात करू शकतो. पार ३ वर तसं जमत नाही, कारण टीवरून मारलेला चेंडू थेट ग्रीनवर पडतो. पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला थांबावंच लागतं. समजा, चौघांच्या गटाला टीवरून मारायला ३ मिनिटं, चालायला २ आणि ग्रीनवर ५ मिनिटं लागतात. एकूण १०. म्हणजे या होलमधून तासाला जास्तीत जास्त ६ गट बाहेर पडू शकतात. पण कोर्सवर दर ८ मिनिटांनी एक गट सोडला जातो. म्हणजे तासाला साडेसात.

पुढे काय होणार ते उघड आहे. दुसरा गट २ मिनिटं थांबेल, तिसरा ४, अकरावा २०. सकाळी ८ ला पहिला गट निघाला तर दुपारी १२ ला निघणारा गट एकतिसावा. त्याच्या वाट्याला येणारी वाट पाहणी: ६० मिनिटं. यात कोणीही रेंगाळलेलं नाही! टोलनाक्यावर दहा खिडक्या उघडल्या म्हणून पुढचा खंडाळ्याचा घाट रुंद होत नाही, तसंच हे.

यावर फुकटातला एक उपाय आहे. पुढच्या गटाने ग्रीनपाशी पोचल्यावर बाजूला उभं राहून मागच्यांना टीवरून मारू द्यायचं, मग आपण पटिंग करायचं. तेवढ्या वेळात मागचे चालत येतात. आता दोन गटांमधलं अंतर ३ अधिक ५, म्हणजे ८ मिनिटं होतं. चालण्याची २ मिनिटं वाचली. कोलंबिया विद्यापीठातले वॉर्ड व्हिट यांनी रांगांचं गणित लावून गोल्फ कोर्सची क्षमता अभ्यासली आहे. तिथेही असे अरुंद गळे शोधणं हाच गाभा आहे.

तरीही ८ मिनिटांच्या गळ्यात दर ८ मिनिटांनी गट सोडणं शहाणपणाचं नाही. कोणाचा तरी चेंडू हरवतोच, आणि एकदा झालेला उशीर भरून काढायला फटच उरत नाही. ९ किंवा १० मिनिटांनी सोडलं तर दिवसाकाठी थोडे गट कमी होतात, पण आलेली माणसं वैतागून जात नाहीत.

आराखड्यात करता येण्यासारखं इतकं: लांब पार ३ होल सुरुवातीलाच ठेवू नये, दोन पार ३ पाठोपाठ ठेवू नयेत, आणि जिथे नवख्यांचे चेंडू पडतात तिथलं रफ आखूड कापावं. नियमांनी चेंडू शोधायची मुदत २०१९ मध्ये ५ मिनिटांवरून ३ वर आणली, पण गवत गुडघाभर असेल तर नियम काय करणार? चेंडू जिथे पडतच नाहीत तिथे मात्र गवत खुशाल वाढू द्यावं. फुलपाखरांची सोय होते आणि कापणीचा खर्च वाचतो.

एक गंमत. एक फेरी किती वेळात होते हे घड्याळ न लावताही काढता येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो: आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा वेळ. कोर्सवर २७ गट दिसत असतील आणि तासाला ६ गट सुटत असतील, तर एका फेरीला सरासरी साडेचार तास लागत आहेत.

कसोटी ४: पाणी आणि ऊन

साउथहॅम्प्टनला वर्षभरात सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात एवढा एका जुलैत पडतो. मग इथे हिवाळ्यात चिखल का?

पहिलं कारण माती. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की त्यांच्यामधल्या सूक्ष्म पोकळ्या पाणी धरून ठेवतात. वाळूतल्या मोठ्या पोकळ्यांतून ते खाली निघून जातं. समुद्रकाठच्या वाळूवरचे जुने कोर्स हिवाळ्यातही कोरडे असतात ते यामुळेच. त्यातून हजारो पावलं एकाच वाटेने गेली की माती दबते आणि उरलेल्या पोकळ्याही मिटतात.

दुसरं कारण ऊन, आणि ते आपल्या लोकांच्या सहज लक्षात येत नाही. २१ डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १६ अंश असतो. तेव्हा १५ मीटर उंचीच्या झाडाची सावली सुमारे ५३ मीटर पडते. त्याच दिवशी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो आणि तशाच झाडाची सावली फक्त साडेतेरा मीटर. म्हणजे ग्रीनच्या दक्षिणेला ५० मीटरवर लावलेलं झाडसुद्धा हिवाळाभर त्या ग्रीनचं ऊन खातं. मग पाणी वाळत नाही, शेवाळ धरतं आणि गवत पातळ होतं.

तपासणी सोपी आहे. मोठा पाऊस थांबल्यावर किती तासांनी कुठलं डबकं नाहीसं होतं ते नोंदवा. (कोर्सवर खड्डा खणून बघायला जाऊ नका!) ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर ५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच हजार लिटर पाणी. त्याला बाहेर जायला उतार आहे का, की ते मधल्या खोलगटात साचतं? उपाय क्रमाने असे: आधी ऊन अडवणारं झाड छाटणं किंवा आतून विरळ करणं, मग जमिनीला भोकं पाडून दर वर्षी वाळूचा पातळ थर देणं, मग चर खणून पाइप टाकणं. नवीन ग्रीन बांधताना खाली खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर देतात, पण तो खर्च मोठा. सुरुवात तिथून करू नये.

कसोटी ५: चेंडू कोणाच्या डोक्यावर?

मुंबईच्या आझाद मैदानात एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँग-ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. तिथे ते चालून जातं, कारण सगळ्यांचं लक्ष चेंडूंकडे असतं. सार्वजनिक गोल्फ कोर्सच्या कडेने मात्र कुत्रा फिरवणारे, सायकलवाले आणि शाळकरी मुलं जातात.

गोल्फचा चेंडू साधारण ४६ ग्रॅमचा. हौशी खेळाडूच्या क्लबवरून तो सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा होते सुमारे ८३ ज्यूल. ताशी ११५ किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा जवळपास तितकीच असते. फरक इतकाच की गोल्फचा चेंडू लहान आहे आणि समोरच्याने पॅड बांधलेले नाहीत. पुढे हवेच्या विरोधाने वेग कमी होतो, तरी इजा व्हायला पुरेसा उरतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो, कारण तिरक्या फटक्याने त्याला फिरकी बसते. १६५ मीटरवर १५ अंशांची चूक म्हणजे ४४ मीटर बाजूला. म्हणून कडेची होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आखावीत. मग कुंपण डावीकडे येतं आणि भरकटलेले चेंडू कोर्सच्या आतच पडतात. उलट दिशेने आखलं तर तेच चेंडू रस्त्यावर जातात.

इंग्लंडच्या न्यायालयापुढे हा प्रश्न १९२२ मध्येच आला होता. केंटमध्ये सँडविचजवळ एका कोर्सच्या तेराव्या टीवरून मारलेला चेंडू शेजारच्या रस्त्यावर गेला, टॅक्सीवर आदळला आणि चालकाचा डोळा गेला. तिथे चेंडू वारंवार रस्त्यावर येत असत. रस्त्याला लागून असं होल ठेवणं हाच सार्वजनिक उपद्रव आहे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे दोष एका फटक्यापुरता मानला नाही, आराखड्यापर्यंत नेला. यावर उंच जाळी हा शेवटचा उपाय. बरेचदा टी दहा-पंधरा मीटर सरकवून आणि तिचं तोंड आत वळवून काम भागतं.

सुधारणेचा क्रम

काउन्सिलकडे पैसे कमी आहेत हे गृहीत धरून मी हा क्रम सुचवेन.

१. धोक्याच्या टी लगेच सरकवा. इथे वाट पाहायची नाही.
२. गट सोडण्याचं अंतर वाढवा आणि पार ३ वर मागच्यांना मारू द्यायची पाटी लावा. खर्च जवळजवळ शून्य.
३. गवत कापायच्या रेषा बदला आणि पुढच्या टी तयार करा.
४. फक्त नवख्यांना पकडणारे बंकर बुजवा.
५. झाडं विरळ करा, वाळू द्या, मग चर.
६. होलची दिशा किंवा क्रम बदलणं सगळ्यात शेवटी, आणि तेही वरची सगळी मोजमापं वर्षभर केल्यावरच.

या यादीत अव्वल खेळाडूचं काय गेलं? तो मागच्याच टीवरून खेळतो, निवड करायला लावणारे बंकर त्याच्यासाठी तसेच आहेत, ग्रीन कोरडी आहेत आणि त्याचा तासभर वाचला. ज्याच्यासाठी सुधारणा केली तो मात्र पुढच्या रविवारी परत येतो, कदाचित नातवंडांना घेऊन.

तुमच्या गावात काउन्सिलचा कोर्स असेल तर एकदा शेजारच्या पायवाटेने चक्कर मारा. वही, घड्याळ आणि छत्री बरोबर ठेवा. काउन्सिल एखाद्या मैदानाबद्दल नागरिकांची मतं मागवते तेव्हा ‘मला आवडतं’ किंवा ‘मला नको’ एवढंच लिहिणारे खूप असतात. तुमच्याकडे डबक्यांचे तास आणि रांगेतले गट यांची नोंद असेल, तर तिला उत्तर देणं काउन्सिलला भाग पडेल.